दोन गठ्ठे

ऑक्टाव्हियाबाईंचा निरोप आला:
बाबांची पत्रं लावून द्या, दोन गठ्ठे करा,
घरची वेगळी, धंद्याची वेगळी.
घरच्यांना त्या निळी फीत बांधणार.
धंद्याची कोर्टाच्या तळघरात जातील,
उंदरांच्या ताब्यात.

एकतीस वर्षं मी
लेमुएल ट्रॅपनेल, वकील, यांचा कारकून.
त्यांचं अक्षर मला लागे,
त्यांच्या बायकोलाही लागत नसे.
पत्र लिहून झालं की मी नकलेच्या वहीत घालायचो,
पातळ पान भिजवून, लोखंडी दाबाचा दांडा फिरवून,
आणि शाई हळूच उतरायची पलीकडे.
कधी दोन पानं उतरायची.
म्हणून आज उजेडात धरलं तर
"बाळ, खोकला कसा आहे"
हे मोबिलच्या अडत्याच्या
"गासड्या चौऱ्याऐंशी"मधून वाचता येतं.

पुष्कळशी सोपी होती.
कुंपणाचा दावा: धंद्याचं.
दाढदुखीवर लवंगेचं तेल: घरचं.
विधवा स्पर्लॉकनं फीऐवजी डुकराचा खारवलेला फरा पाठवला,
"फी पोचली, मीठ बेताचं आहे."
हे कुठे घालू?
सगळ्यांनी खाल्ला तो. मीही.

मग छप्पनच्या नोव्हेंबरातलं हे.

"लाडक्या ऑक्टाव्हिया,
तुझा पियानो मंगळवारच्या बोटीनं आला.
एक पट्टी ओलीनं फुगली आहे, सुतार बघेल.
अंजिराला थंडी बाधली. आई मजेत.
टेम्पीच्या ज्युलियसचा व्यवहार बरा झाला,
त्यात पियानोचं भागलं.
सुट्टीत येशील तोवर
तालाकडे लक्ष दे."

घरच्यांत ठेवलं. उचललं.
धंद्याच्यांत ठेवलं.
उचललं.

त्या व्यवहाराचा कागद माझ्याच हातचा.
मालमत्ता दोनच प्रकारची, स्थावर आणि जंगम.
स्थावर म्हणजे जमीन, घर, विहीर.
जंगम म्हणजे खुर्च्या, खेचरं,
आणि नऊ वर्षांचा ज्युलियस, डाव्या भुवईवर व्रण,
जो त्या सकाळी खरोखरच
चालत गेला टॉमबिग्बीच्या धक्क्यापर्यंत.
पियानोला मात्र
सहा माणसं लागली.

युद्धात टेम्पीला टेक्ससला हलवलं. तीही जंगमच.
कागद मिळेना, तेव्हा साहेब
निकाली दाव्यांच्या पाठीवर घरी लिहायचे,
एका बाजूला वादी, प्रतिवादी,
दुसरीकडे, "पिठात किडे झालेत का, कळव."

आणि सदुसष्टचं हे, गॅल्व्हेस्टनहून,
कुणा शिक्षिकेच्या वळणदार हातचं:
"माझा मुलगा कुणाला दिला
तेवढं कळवा. बाकी मागणं नाही."

घडीवर साहेबांची नोंद, नेहमीसारखी:
टेम्पी. विषय, चौकशी. उत्तर, आवश्यक नाही.
कोपऱ्यात माझी आद्याक्षरं.

हायरम डॉसेट, पर्ल नदीच्या काठी, लाकडाची वखार.
मला तेव्हाही पाठ होतं.
साहेबांनी विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
शनिवारी पगार झाला.

आता दिवा लावायची वेळ.
समोरच्या घरात पियानो वाजतोय,
ती एक पट्टी अजून अडते.
गठ्ठे दोन्ही तयार आहेत, हे एकच पत्र मधे.
आज पहिल्यांदा तळापर्यंत वाचलं:
मिसेस टेम्परन्स ओव्हरस्ट्रीट.
आडनाव होतं तिला. सतरा वर्षं
माझ्याच कपाटात होतं.

कोरा कागद ओढला.
घरचं पत्र मी कधी कुणाला लिहिलं नाही,
हातानं सवयीचंच काढलं:

"आपले दि. ११ मार्च १८६७ चे पत्र पोचले.
उत्तरास विलंब झाला, सबब"

सबबीपुढे
शाई वाळते आहे.